माडांची मोजणी

लिहा, कारकून.
दोनशे चौदा माड. त्यांतले नऊ वांझ,
एकाचा शेंडा भुंग्यानं खाल्लेला.
तो मोजायचा की सोडायचा, तुमचं तुम्ही बघा.

लागवड कोणाची, विचारता.
गास्पार पांगील. माझा बाप.
वहीत तुम्ही त्याला 'चिनी' लिहाल.
चीन त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता.
पण इथं समुद्रापलीकडून येतं ते सगळं चीनचंच:
रेशीम, बशा, मिरी, माणूस.

काविते बंदरात त्याला धरून गलबतावर चढवलं
तेव्हा मिसरूड फुटत होतं.
पाच महिने पाणी.
हिरड्या सुजल्या, दात बोटानं हलायला लागले,
पिंपात अळ्या.
खालच्या कोठीत रेशमाचे गठ्ठे मात्र कोरडे,
मेणकापडात बाळंतातल्या पोरांसारखे गुंडाळलेले.
मेलेल्यांना जुन्या शिडाच्या तुकड्यात शिवायचे.
"टाके माझे बरे पडायचे," म्हणायचा,
आणि हसायचा.
ते हसू कळायला मला स्वतःची पोरं व्हावी लागली.

सालाग्वाच्या खाडीत पाणी भरायला उतरला
तो घागर वाळूत ठेवून जो चालायला लागला
तो काशितलानला येऊन थांबला,
कारण तिथं माड दिसले.
कुणी लावले, कुणाला ठाऊक.
लोक शहाळं फोडायचे, पाणी प्यायचे, पुढं जायचे.
हा खाली उभा राहून
वर बघून
रडला, असं आई सांगते.
तो म्हणायचा, डोळ्यांत ऊन गेलं.

माझी आई मागदालेना शोको.
तिच्या गावात ऐंशी चुली होत्या, तिच्या आजीच्या तोंडी.
तिला स्वतःला आठवतात त्या अकरा.
देवी आल्या, पाठोपाठ गोवर,
मग कोण आलं ते विचारायलाही कुणी उरलं नाही.

पाण्याला तो 'तुबिग' म्हणायचा, ती 'आत्ल',
पाद्रीबाबा 'आग्वा'.
घरात मडकं एकच होतं.

त्यानं बुंध्याला खाचा पाडल्या,
पोय काथ्यानं आवळली, ठोकून ठोकून मऊ केली,
सकाळ-संध्याकाळ तिची कागदाएवढी चकती उतरवली.
पोकळ ओंडक्याची भट्टी, वर तांब्याची कढई.
आज खाणीतले मजूर तीच दारू मागतात.
स्पेनची द्राक्षं पिंपात बसून आंबली,
म्हणून तुम्ही आलात.
मला राग नाही. द्राक्षांनाही पोट असेल.

एक सांगते, ते लिहू नका.
दर नाताळाच्या पुढं-मागं
अकापुल्कोकडं जाणारं गलबत किनाऱ्यानं सरकतं.
त्या दिवशी तो सगळ्यात उंच माडावर चढायचा
आणि शिडं दिसेनाशी होईस्तोवर उतरायचा नाही.
लपायचा म्हणावं, तर शेंड्यावर कोण लपतं?
वाट बघायचा म्हणावं, तर हाक कधी मारली नाही.
एकदा मी खालून विचारलं, काय दिसतं?
म्हणाला, "ओझं."
परतीला ते चांदी नेतं म्हणे.
चांदी कुणाच्या हाडांतून निघते ते तुम्हाला माहीत,
तुमच्याकडं वही आहे.

बसा. उन्हातून आलात.
ही करवंटी घ्या, आत्ता उतरवलेली आहे,
गोड, पोरंही पितात.
दुपारपर्यंत ठेवलीत तर माडी होईल,
आठवड्यानं आंब,
तिच्यात पाद्रीबाबांचा स्वयंपाकी मासे मुरवतो.
तुमच्या हुकुमात यातली कुठली लिहिली आहे?
नीट वाचून सांगा. कुऱ्हाडवाले तोवर सावलीत बसतील,
सावली अजून आहे.

पण जरा लवकर वाचा.
तुमच्या हातातली
फेसाळायला लागली.